साल्हेरचा धुरळा

मे महिन्यातली दुपार. म्हसरूळच्या घरी कूलरची घरघर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेला माझा भाचा, यंदा नववीत गेलेला. 'एम्पायर: टोटल वॉर' खेळत होता, अर्थातच मराठ्यांकडून. त्याचं मोठं सैन्य बंगालच्या वाटेवर होतं आणि जीव सगळा तिकडे अडकला होता. तेवढ्यात मागे राहिलेल्या एका लहानशा किल्ल्यावर मोगल चालून आल्याची सूचना पडद्यावर आली. दोन्हीकडचं बळ दाखवणारी एक पट्टी, जवळजवळ सगळी शत्रूच्या रंगाची. तिच्याखाली बटणं: लढाई स्वतः लढायची, की संगणकावर सोपवायची. त्याने क्षणाचाही विचार न करता संगणकावर सोपवली. निकाल लगेच आला. किल्ला गेला, आतली शिबंदी संपली. "अरे, लढून तरी बघायचंस," मी म्हणाले. "कशाला गं मावशी? छोटासा तर होता. उगाच वेळ जातो." आणि तो पुन्हा बंगालच्या वाटेला लागला.

संध्याकाळी कुरडया गोळा करायला गच्चीवर गेले. ऊन उतरलं होतं, कागदावरून कुरडया कडकड आवाज करत सुटत होत्या, आणि उत्तरेला दिंडोरीच्या बाजूला रामशेजचा किल्ला उभा होता. हवेत धूळ असल्यामुळे फक्त त्याची कड दिसत होती. रामशेजचा वेढा नाशिककरांना नव्याने सांगायला नको. पण भाच्याचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. १६८२ साली औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने त्या डोंगराखाली तळ दिला, तेव्हा कोणी बळाची पट्टी काढली असती तर तीही अशीच एकरंगी निघाली असती. वर मूठभर माणसं, खाली हजारोंची छावणी. संगणकाने चुटकीसरशी निकाल देऊन टाकला असता. प्रत्यक्षात वर्षांमागून वर्षं गेली, वेढ्यावरचे सरदार बदलले, किल्ल्यावर मारा करायला लाकडाचा उंच दमदमा रचून झाला, तरी किल्ला हाती येईना. गडावर धड तोफा नव्हत्या, म्हणून आतल्या लोकांनी लाकडी ओंडके पोखरून, त्यांना कातडं चढवून तोफा केल्या, असं मोगलांच्याच बाजूचा खाफीखान लिहून ठेवतो.

छोटासाच तर होता.

आमच्या घरात या खेळावरून आधीच जुंपलेली होती. अप्पांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नातवाच्या मागे खुर्ची घेऊन ते बसतात आणि नकाशावर बोट ठेवत एकेक चूक काढतात. खेळ सुरू होतो १७०० साली, आणि मराठ्यांचं नाव येतं 'मराठा कॉन्फेडरसी'. "अरे, १७०० मध्ये कुठला संघ? तो पुढे पेशव्यांच्या काळात आकाराला आला." त्यांचं म्हणणं खरंच आहे. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, पुढच्याच महिन्यात सातारचा किल्ला मोगलांनी घेतला, औरंगजेब दिल्लीत नव्हताच, तो इथे महाराष्ट्रात छावणी टाकून बसला होता, आणि सगळा भार ताराबाईंवर आला होता. "म्हणजे तुझा खेळ जिथून सुरू होतो, तिथे खरं तर तू जवळजवळ हरलेला पाहिजेस," अप्पा म्हणाले. मला वाटलं, पोरगा आता चिडणार. तो उलट खुर्चीत सरसावून बसला. "आजोबा, मग तर भारीच! असंच का नाही दिलं त्यांनी? राजधानी गेलीये, राजा गेलाय, बादशहा घरात घुसलाय. तिथून जिंकून दाखवायचं!"

अप्पांना यावर काय बोलावं ते सुचलं नाही. मलाही नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात या सगळ्या वादाची मांडणीच बदलली. आपण गृहीत धरतो की एका पारड्यात खरा इतिहास, दुसऱ्यात मजा. एक वर गेलं की दुसरं खाली येणार. इथे एक चौदा वर्षांचा मुलगा खरा इतिहास ऐकून म्हणत होता की तो जास्त मजेचा आहे.

आम्ही लहान असताना दिवाळीत किल्ला करायचो. सहामाही परीक्षा संपली की पोत्याने माती यायची, विटांचे तुकडे, फाटकं गोणपाट, त्यावर चिखलाचा हात. हाताला त्या चिखलाचा थंड, कुबट वास दिवसभर यायचा. उतारावर अळीव आणि मोहरी पेरायची, ती वसुबारसेपर्यंत हिरवी व्हायची. मग भद्रकालीच्या बाजारातून आणलेली मातीची चित्रं: वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण, वाणी, जात्यावर बसलेली बाई. गुहेत एक वाघ असायचा, दरवाज्याहून मोठा. रस्त्यावर माझ्या भावाची प्लॅस्टिकची जीप आणि चौकात शिट्टी फुंकणारा पोलीस. शेजारचे काका यायचे, हात मागे बांधून किल्ला बघायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "कोणता केलाय? प्रतापगड?" इतिहास शिकवणारे अप्पासुद्धा त्या जीपबद्दल कधी अक्षर बोलले नाहीत. एकदा मात्र ते रागावले होते. आम्ही किल्ल्याला पाण्याचं टाकं केलं नव्हतं. "पाणी नाही, तर गड लढणार कसा?" एवढंच म्हणाले आणि स्वतः खाली बसून, डालड्याच्या डब्याचं झाकण चिखलात पुरून टाकं करून दिलं.

त्या झाकणाची आठवण मला आता फार मोलाची वाटते. जीप चालते, पोलीस चालतो, दाराहून मोठा वाघ चालतो. पाणी नसलेलं चालत नाही. खेळातल्या कोणत्या चुकीने बिघडतं आणि कोणत्या चुकीने काहीच बिघडत नाही, हे अप्पांना तेव्हा नीट कळत होतं. नातवाच्या पडद्यासमोर ते विसरतात.

कॉलेजात असताना मीही हे खेळ खेळले आहेत, आणि जीव लावून खेळले आहेत. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत, अक्षरं पुसलेल्या कीबोर्डवर, बंद एसीच्या कोंदट वासात, शेजारशेजारच्या यंत्रांवर मैत्रिणी आणि मी 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळायचो. १९९९ च्या त्या मूळ खेळात भारतीय नव्हतेच. हत्ती हवे असायचे म्हणून आम्ही इराणी व्हायचो. गोदाकाठच्या मुली इराणी हत्ती घेऊन मंगोलांवर तुटून पडायच्या आणि आम्हाला त्यात काही कमी वाटायचं नाही. पुढे त्या खेळात भारतीय आले, २०२२ मध्ये त्यांची फोड होऊन बंगाली, द्रविड, गुर्जर वेगळे झाले, याचा मला मनापासून आनंद झाला. तिसऱ्या भागात तर भारतीय गावकरी गाय मारून खात नाहीत, गुरं पवित्र कुरणात नेऊन बांधतात. कोणीतरी घरात बसून विचार केला आहे, हे कळतं. त्याच 'एम्पायर'मध्ये अख्खा फ्रान्स मात्र एकच प्रांत आहे, पॅरिस पडलं की देश संपला. 'सिव्हिलायझेशन'मधले गांधी अणुबाँब टाकतात, त्याचीही दंतकथा झाली. पहिल्या खेळातल्या आकडेमोडीच्या चुकीने ते घडलं अशी गोष्ट वर्षानुवर्षं फिरली, शेवटी २०२० मध्ये त्याचे कर्ते सिड मायर यांनी स्वतःच सांगितलं की तशी चूक नव्हतीच. या गोष्टींवर लोक हिरिरीने भांडतात. मला त्यांचा त्रास होत नाही. बुद्धिबळातला उंट तिरका चालतो आणि हत्ती सरळ, प्यादं पटाच्या टोकाला पोचलं की वजीर होतं. खऱ्या फौजेत यातलं काही घडत नाही, तरी पटावर डोकं शिणतं ते खरंच शिणतं.

मला जे खुपतं ते साल्हेरवर उभी असताना कळलं. थंडीत गेलो होतो. सटाणा, ताहाराबाद मागे टाकून वाघांबे गावातून चढायला सुरुवात केली, साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत पोचलो तोवर उजाडलं होतं. कातळातल्या पायऱ्या गार, बोटं बधिर. दरवाजे ओलांडून वर सपाटीवर आलं की गंगासागर तलाव लागतो, आणि मग शेवटचा चढ परशुरामाच्या देवळापर्यंत. ५,१४१ फूट. महाराष्ट्रात याहून उंच किल्ला नाही. वारा असा की देवळाच्या भिंतीचा आडोसा धरल्याशिवाय उभं राहता येईना. समोर सालोटा, पलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड, तिकडे मांगी-तुंगीची दोन टोकं, आणि खाली सगळं बागलाण: शेतं, वाड्या, एका रस्त्यावरून सरकणारा ट्रक. शेजारी उभा असलेला एक ट्रेकर मुलगा म्हणाला, "अगदी गेमच्या मॅपसारखं दिसतंय ना!" आणि खरंच दिसत होतं. १६७२ ची मराठे-मोगलांची लढाई इथून बघितली तर कशी दिसेल, याचं चित्र मी मनात मांडायला लागले. एका अंगाने मोरोपंत, दुसऱ्या अंगाने प्रतापराव, मध्ये इखलास खानाची फौज. रंगीत चौकोन, त्यांच्यावर बाण. आणि लगेच शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने लिहिलेलं आठवलं. चार प्रहर युद्ध झालं, आणि धुरळा असा उडाला की तीन कोस औरसचौरस आपलं कोण, परकं कोण ते दिसेना.

तीन कोस.

मी खाली बघत राहिले. त्या ट्रकमागे धुळीची एक बारीक रेघ उठली होती, एका वाहनाची. मग हजारो घोडे, उंट, हत्ती. त्या धुरळ्यात सूर्यराव काकडे होते, ज्यांना जंबुरियाचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागला. तो कुठून सुटला ते त्यांना दिसलंही नसेल. प्रतापरावांना मोरोपंतांचं पायदळ कुठवर आलंय हे कळत होतं का? लढाई आपण जिंकतोय की हरतोय, हे मधल्या माणसाला कधी कळलं असेल? नाकातोंडात माती, डोळ्यांत पाणी, कानात नगारे आणि घोड्यांची खिंकाळी, आणि समोरून येणाऱ्या आकृतीवर भाला रोखायचा की तिला वाट द्यायची हे एका श्वासात ठरवायचं. सभासदाने हे लिहिलं ते वीस-पंचवीस वर्षांनी, दूर जिंजीला बसून. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून त्याला धुरळाच आठवावा, याला माझ्या लेखी फार मोठा अर्थ आहे.

आणि माझ्या भाच्याच्या पडद्यावर धुरळा नसतो. असतो तो नुसता शोभेचा. प्रत्येक तुकडीच्या डोक्यावर निशाण, खाली किती माणसं उरली त्याचा आकडा, धीर किती टिकलाय त्याचा रंग. घोडदळावर बोट ठेवलं की ते त्याच क्षणी वळतं. नको वाटलं तर सगळी लढाई थांबवून, पाणी पिऊन येऊन पुन्हा चालू करता येते. इतकं दिसणारा, इतकं ऐकलं जाणारा सेनापती पृथ्वीवर कधी झाला नाही. गणवेशाचा रंग चुकला, तोफेचं साल चुकलं, तरी एकवेळ चालेल. सगळं दिसतंय, ही त्या खेळांमधली सगळ्यात मोठी थाप आहे, आणि तिच्यावर कोणी तक्रार करत नाही, कारण तिच्यामुळे खेळणं सोपं जातं.

हा पेच नवा नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठांपुढे युद्धाचा एक खेळ मांडला, क्रीगश्पील. मोठा नकाशा, छोटे ठोकळे, फासे, आणि मध्ये एक पंच. खेळणाऱ्याने हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचा. पंच ठरवणार तो पोचला कधी, पाळला गेला की नाही. आणि शत्रूचा ठोकळा नकाशावर तेव्हाच ठेवला जाणार, जेव्हा तुमच्या माणसांना तो खरोखर दिसला असता. एरवी नकाशा रिकामा. रिकाम्या नकाशाकडे बघत घाम फुटलेले ते अधिकारी मला डोळ्यांपुढे दिसतात. पण त्या खेळाचे नियम, तक्ते, नुकसानीची गणितं इतकी वाढत गेली की खेळणंच जिकिरीचं झालं. शेवटी १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारले आणि निर्णय अनुभवी पंचाच्या अकलेवर सोपवला. नियम कमी झाले. रिकामा नकाशा मात्र त्याने ठेवला. काय टाकायचं आणि काय राखायचं, हे त्या माणसाला किती अचूक समजलं होतं! डालड्याच्या डब्याचं झाकण पुरणारे अप्पा आणि तो एकाच जातीचे.

न दिसण्यातच तर मजा असते. रात्री दोन वाजता 'एवढा एकच डाव' म्हणत आपण जागे राहतो, ते पुढच्या डावात काय होणार हे माहीत नसतं म्हणून. आणि भूतकाळाबद्दल सगळ्यात खरी गोष्ट कोणती असेल तर हीच, की तेव्हाच्या कोणालाही पुढचं माहीत नव्हतं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी नेमकं हेच आपल्यापासून काढून घेतलं. लढाई, साल, विजय, कारणे, परिणाम. वाचताना वाटतं, असंच होणार होतं. साल्हेर जिंकलं जाणारच होतं, रामशेज लढणारच होता. त्यामुळे त्या माणसांचं धाडस आपल्या लेखी हलकं होतं, कारण आपण त्यांना शेवट माहीत असल्यासारखं वागवतो. भाच्याला १७०० ची खरी परिस्थिती ऐकून जी ओढ लागली, ती मला वर्गात कधी लागली नव्हती. ते श्रेय मी खेळाला देते, मोकळ्या मनाने देते.

एक बाब मात्र सुटत नाही, ती म्हणजे दाणापाणी. बहुतेक खेळांमध्ये फौज पोसायची म्हणजे तिजोरीतून एक रक्कम वजा व्हायची. 'युरोपा युनिव्हर्सालिस'सारख्या खेळात निदान एवढं तरी आहे की मुलखाला झेपेल त्याहून मोठं सैन्य नेलं तर माणसं आपोआप गळायला लागतात. पण धान्याचे बैल हाकत छावणीमागून जाणारे बंजारे कुठेच दिसत नाहीत. दिंडोरीच्या रानातला कडबा वर्षानुवर्षं मोगली घोड्यांनी खाल्ला असेल, तेव्हा आशेवाडीच्या, ढकांब्याच्या घरांमध्ये काय शिजत होतं? वेढा म्हटला की आपल्याला तट आणि तोफा दिसतात. त्या भागात आज द्राक्षांचे मांडव आहेत, आणि अवकाळी पावसाची एक रात्र काय करते हे तिथल्या कोणालाही विचारावं. वर्षांची छावणी उरावर बसणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाशिवाय समजेल.

म्हणून माझी फार इच्छा आहे की आपल्याकडच्या कोणीतरी रामशेजचा खेळ करावा. नाशिकमध्ये संगणक शिकलेल्या पोरांची कमी नाही. २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारशाच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांमध्ये. रामशेज तिथे नाही, तरी त्याच्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायला नको. त्यात नकाशा वरून दिसू नये. तटावर उभं राहिल्यावर जेवढं दिसेल तेवढंच: खाली किती चुली पेटल्या, दमदमा काल होता त्याहून किती वाढला. रात्री काही दिसू नये, फक्त ऐकू यावं. संभाजी महाराजांनी मदतीला पाठवलेले रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे वाटेत कुठे आहेत, पोचणार आहेत की नाही, हे किल्ल्यावर कळू नये. टाक्यातलं पाणी मात्र रोज मोजता यावं, बोटं बुडवून. किल्लेदाराच्या नावावर इतिहासात एकमत नाही. मग तिथे उगाच कोणाचं नाव घालू नये, खेळणाऱ्याने स्वतःचं लिहावं.

अप्पांना यातलं बरंचसं पटलं. शेवटाबद्दल मात्र आमचं अजून जमलेलं नाही. किल्ला अखेर गेला तो तोफांनी नाही, पैशाने. अप्पांचं म्हणणं, एवढी वर्षं लढल्यावर ते मुलांच्या हातात कशाला द्यायचं, वेढा उठला तिथेच खेळ थांबवावा. मी म्हणते, तो निरोप खेळणाऱ्यापुढे आलाच पाहिजे: रात्रीचा, चोरवाटेने, रकमेच्या आकड्यासकट, टाक्यात पाणी तळाला गेलेलं असताना. आणि तिथे 'हो' म्हणायचं बटणही असलं पाहिजे.